मानाची जागा स्टर्नला

होडी घ्यायचं ठरलं तेव्हा मंदाकिनीबाईंना होडीत काडीचाही रस नव्हता. त्यांना हवे होते होडीतले शब्द. पण बाजारात झाकण सुटं मिळतं, दांडा सुटा मिळतो, शब्द काही सुटे मिळत नाहीत. त्यांच्यासाठी अख्खी वस्तू घरात आणावी लागते.

प्रकरण व्याह्यांचं होतं. मंदाकिनीबाईंची धाकटी प्रतिभा मुंबईला दिलेली. तिचे सासरे सुधाकरराव हे बंदरात मोटरलाँचवर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, फक्त नोकरी सुटली तरी त्यांच्या जिभेवरून समुद्र उतरला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाला भोपाळच्या मोठ्या तलावावर फिरायला नेलं होतं. होडीत चढताना मंदाकिनीबाई मुलाच्या आईला सरळ मनाने म्हणाल्या, "विहीणबाई, पुढे बसा हो, मागे पाणी उडतं." त्यावर सुधाकररावांनी ट्रॅफिकच्या पोलिसासारखा हात वर केला. "छे छे, होडीला पुढे-मागे नसतं. पुढे असते ती बो, मागे असते ती स्टर्न. पुढे-मागे बैलगाडीला!" वऱ्हाड हसलं. वऱ्हाडाचं काय जातंय, त्याला जेवणही फुकट आणि हसूही फुकट.

एवढ्यावर मिटलं असतं. मुलीच्या आईने पोटात घालायच्या गोष्टींमध्ये आणखी एक. पण प्रतिभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, की सासरी अजून पानं मांडली की बाबा म्हणतात, "मीठ पुढे वाढायचं की मागे, जरा तुझ्या आईला विचारून घे."

मंदाकिनीबाईंच्या हातातली वाटी हातातच राहिली. चौथीनंतर त्यांना कोणी शाळेत पाठवलं नव्हतं आणि त्याचा त्यांना कमीपणाही वाटत नव्हता. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या एम.ए. झालेल्या बायका दिवाळीला चकलीची भाजणी विचारायला त्यांच्याच दारात उभ्या राहत. पण आपल्या अडाणीपणाचं लोणचं घालून कोणी ते लेकीच्या पानात रोज वाढावं, हे त्यांच्या सहनशक्तीत बसत नव्हतं. बारशाला व्याही येणार होते. त्याआधी काय ते व्हायला हवं होतं.

"मला ती होडीची भाषा शिकायचीय," त्यांनी यजमानांना सांगितलं.

यशवंतराव कारखान्यात मोटारींच्या वाइंडिंगच्या शॉपमध्ये फोरमन. बायकोचं बोलणं ते निम्मं ऐकत, आणि तेवढ्याने संसार सुरळीत चालला होता. "पुस्तक मिळतं का बघतो," ते म्हणाले.

"पुस्तक वाचून कोणाला पोहता आलंय? वस्तू आणा."

दैवाला असल्या वेळी दुसरं काम नसतं. त्याच आठवड्यात कारखान्याच्या भंगाराचा लिलाव निघाला आणि त्यात एक मोटरबोट होती. टाउनशिपच्या तलावात कोणी बुडालं तर वाचवायला म्हणून ती कधीतरी घेतली होती. पुढे कोणी बुडेना, तेव्हा तिच्यावर ताडपत्री टाकली गेली. ताडपत्री आधी फाटली. यशवंतरावांनी बोली लावली आणि बोट त्यांना मिळाली. दुसऱ्या कोणी बोलीच लावली नव्हती, ही गोष्ट त्यांनी घरी येऊन विजय म्हणून सांगितली.

"आणि इंजिन?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"अगं, जन्मभर मोटारीच तर केल्या. मोटार म्हणजे मोटार."

त्यांनी जन्मभर केलेल्या मोटारी विजेवर चालत आणि जमिनीला बोल्टांनी आवळलेल्या असत, हा तपशील त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नाही.

बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून आली आणि क्वार्टरच्या फाटकात अडकली. फाटक अडलं की टाउनशिपमध्ये माणसं आपोआप जमतात. वरच्या मजल्यावरच्या शालिनीबाई, मूळच्या नागपूरच्या, गॅलरीतून ओरडल्या, "बाप्पा! हे काय आणून राहिले हो तुम्ही?" आणि उत्तराची वाट न बघता सल्ला द्यायला खाली उतरल्या. उभी करून आत घ्या. आडवी करून घ्या. भिंतीवरून घ्या. एकाने तर घरच जरा मागे सरकवता येतं का, अशा नजरेने घराकडे पाहिलं. शेवटी फाटक उपटलं, मेंदीचं कुंपण छाटलं आणि बोट अंगणात बसली. अशी बसली, की पुढचं दार निम्मंच उघडू लागलं. किडकिडीत माणसं अंग चोरून आत येत. मंदाकिनीबाईंचा देह अंग चोरण्यातला नव्हता. त्या मागच्या दाराने येऊ-जाऊ लागल्या, आणि कोणी विचारलंच तर म्हणत, "मला बाई परसातून यायला आवडतं. तुळशीचं दर्शन होतं."

चार दिवसांत इस्टेट ऑफिसचे सक्सेनासाहेब आले. क्वार्टरांचं सगळं त्यांच्याकडे. नळ गळायला लागला की ते सापडत नसत आणि कोणी वेलाला मांडव घातला की हजर होत.

"भाभीजी, ये क्या है?"

"दिसत नाही का? बोट आहे."

सक्सेना तीन पिढ्यांचे भोपाळी, पण मराठी शेजारात राहून त्यांना सगळं कळे. ते बोटीभोवती फिरले. क्वार्टरच्या आवारात गाय बांधायची नाही, कोंबड्या पाळायच्या नाहीत, पक्कं बांधकाम करायचं नाही, असे नियम होते. बोटीबद्दल चकार शब्द नव्हता. ते म्हणाले, "देखिए, मना नहीं है. लेकिन इजाज़त भी नहीं है."

"मग आहे तरी काय?"

सक्सेनासाहेबांनी बोटीत डोकावलं. दोन दिवसांच्या पावसाने ती काठोकाठ भरली होती. त्यांचा चेहरा उजळला. "ये तो टंकी हुई!" पाण्याच्या टाकीला परवानगी होती. तेव्हा बोटीची नोंद टाकी म्हणून झाली. पण टाकी म्हटल्यावर मलेरियावाले आले. त्यांनी डासांवर उपाय म्हणून तिच्यात गप्पी मासे सोडले आणि पाणी उपसायचं नाही अशी तंबी दिली. अशा रीतीने होडी पाण्यात जायच्या आधी पाणी होडीत आलं, आणि मागोमाग मासेही.

मंदाकिनीबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचा अभ्यास सुरू झाला होता. शिकवणारी प्रतिभा. सासरी राहून तिला सगळे शब्द पाठ झाले होते, जशी दुसऱ्या घरच्या सुनांना त्यांच्याकडची आमटी येते. ती आठवा महिना सांभाळत व्हरांड्यात पाटावर बसे, आणि मंदाकिनीबाई बोटीच्या काठाशी उभ्या राहून तांदूळ निवडत घोकत. पुढचं टोक बो. मागची बाजू स्टर्न. सगळं पोट मिळून हल. तळाच्या ज्या खळग्यात सांडलेलं पाणी साचतं तो बिल्ज. दोरी गुंडाळायचा खुंट म्हणजे क्लीट. धक्क्याला घासू नये म्हणून कडेला बांधायच्या उश्या म्हणजे फेंडर. होडी पाण्यात किती खोल बसते तो तिचा ड्राफ्ट.

"दोरीला काय म्हणतात?"

"लाइन."

"जमिनीवर दोरी आणि होडीत चढली की लाइन? माणूस मुंबईला गेला की कसा रावसाहेब होतो, तसंच की."

डावी बाजू पोर्ट आणि उजवी स्टारबोर्ड, इथे मात्र गाडी अडली. पोर्टला लाल दिवा असतो आणि स्टारबोर्डला हिरवा, असं प्रतिभाने सांगितलं, तेव्हा मंदाकिनीबाईंनी डावीकडे कुंकू आणि उजवीकडे हिरव्या बांगड्या असं बसवून टाकलं. तरी एक शंका होतीच. "मी पाठमोरी बसले तर माझी डावी बदलणार. मग पोर्टही बदलणार का?"

"नाही आई. बो-कडे तोंड केल्यावर जी डावी ती पोर्ट. तू कुठेही तोंड कर, पोर्ट जागच्या जागी."

"म्हणजे माहेरासारखं," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि पुन्हा कधी चुकल्या नाहीत.

इंजिन रईसमियाँच्या ताब्यात दिलं होतं. पिपलानीच्या बाजारात लूना दुरुस्त करणारा हा माणूस. "आपा, फिक्र न करो. इंजन तो इंजन होता है," त्याने सांगितलं. यशवंतरावांना हा माणूस फार आवडला. दोघांचं मत तंतोतंत जुळत होतं, आणि मंदाकिनीबाईंना काळजी वाटली ती इथेच. दोन पुरुषांचं एकमत झालं की त्यातल्या एकालाही विषय कळत नसतो, हा त्यांचा अनुभव होता. पण इंजिन सुरू झालं. आवाज लूनाचा येत होता, धूर डिझेलच्या ट्रकचा.

मग तलावाची परवानगी. तलाव उद्यान विभागाचा, कारण त्यात कमळं होती. पाणी जलप्रदाय विभागाचं. मासे कल्याण विभागाचे. आणि त्यात बुडणारा माणूस सुरक्षा विभागाचा. यशवंतराव चारही दारं फिरले. तिघांनी आपली हरकत नाही, पण बाकीच्यांची बघा, असं सांगितलं. सुरक्षा विभागाने अट घातली, की बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाने विभागाकडून मिळणारं सुरक्षासाधन अंगावर घातलंच पाहिजे. विभागाकडे एकच साधन होतं: कारखान्यातलं पिवळं हेल्मेट. तशी चार आणून ठेवली. बोटीला नांगर नव्हता, म्हणून शालिनीबाईंकडून त्यांचा जुना पाटा मागून आणला. त्यांनी दिला, पण "नागपूरहून आणलेला आहे हं बाई, माहेरचा," असं बजावून.

बारसं थाटात झालं. नातू गुटगुटीत होता, आणि त्याच्या रडण्याचा आवाज ऐकून "घशात भोंगा आहे" असं सुधाकररावांनी कौतुकाने सांगितलं. मंदाकिनीबाईंनी मानपानात कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नाही. व्याह्यांना धोतरजोडी, विहीणबाईंना पैठणीच्या काठाची साडी, बाळाला चांदीचा वाळा. विहीणबाई शोभाताई सगळ्याला मान डोलवत. त्या फार बोलत नसत. त्यांच्या घरातलं बोलणं एका माणसाने आधीच संपवलेलं असे.

दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता सुधाकररावांनी निम्म्या दारातून अंगणात पाहिलं. "ही बोट होय! फेंडर नाहीत वाटतं?"

मंदाकिनीबाई बशीत शेव वाढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "फेंडर आत ठेवलेत. पोत्यात नारळाच्या शेंड्या भरून शिवलेत. होडी धक्क्याला लावायची तेव्हा बांधायचे. पोर्टला दोन, स्टारबोर्डला दोन."

शोभाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग विहिणीकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा नवऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या वेळी जरा जास्त वेळ पाहिलं.

"वा! बरंच पाठ केलंत की," सुधाकरराव म्हणाले. "पण पाठांतर वेगळं आणि पाणी वेगळं, विहीणबाई. पाण्यावर गेलं की भल्याभल्यांना मागे-पुढेच आठवतं."

"मग पाण्यावरच जाऊ या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आज चारला."

त्यांची दुपार धावपळीत गेली. आधी बोट रिकामी करायला हवी होती. गप्पी मासे बादलीत काढले. स्टर्नला तळाशी एक भोक असतं आणि त्यात एक पितळी बूच असतं, होडीच्या भाषेत प्लग. ते पिळून काढलं की पाणी निघून जातं. मंदाकिनीबाईंनी ते काढलं, पाणी अळूच्या वाफ्यात गेलं, अळूला आनंद झाला. बूच हातात घेऊन पाहतात तर त्यावर हिरवा कळकट थर. आता ज्या घरात व्याही उतरलेत त्या घरात कळकट पितळ बाहेर निघावं, हे मंदाकिनीबाईंच्या हयातीत शक्य नव्हतं. देवाची घंटा, निरांजन आणि समई चिंच लावून घासायची होतीच. त्यांनी बूचही घासलं. सोन्यासारखं लखलखलं. मग सगळं पितळ ओळीने उन्हात वाळत मांडलं. घंटा, निरांजन, समई, बूच. तेवढ्यात ट्रॅक्टर आला आणि माणसं "उचला, उचला" म्हणून ओरडू लागली.

तलावाच्या काठावर टाउनशिप लोटली होती. सक्सेनासाहेब आपली टाकी कुठे चालली ते बघायला आले होते. शालिनीबाई पाट्यावर लक्ष ठेवायला आल्या होत्या. बाळंतीण आणि बाळ घरी. बोटीत चौघंच बसायची होती, पिवळी हेल्मेटं घालून. शोभाताईंचं हेल्मेट अंबाड्यावर टेकत नव्हतं, ते त्यांनी देवळातल्या छत्रासारखं वरून धरलं.

कोण कुठे बसणार, याचा विचार मंदाकिनीबाईंनी आधीच केला होता. मोटरबोटीत गादीचं बाक असतं ते स्टर्नला. म्हणजे मानाची जागा तीच, आणि ती व्याह्यांची. शेजारी इंजिनापाशी यशवंतराव. मधल्या फळीवर दोघी विहिणी.

"एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवा," सुधाकररावांनी मानाच्या जागेवर बसता बसता घोषणा केली. "लहान बोटीत काही झालं तरी कोणी उभं राहायचं नाही. काही झालं तरी!"

"ऐकलंत का हो?" मंदाकिनीबाई यशवंतरावांना म्हणाल्या. त्यांनी निम्मं ऐकलं.

इंजिन सुरू झालं. काठावर टाळ्या पडल्या. आणि खरं सांगायचं तर बोट छान चालली. बो-ने पाणी कापलं, मागे पांढरा पट्टा उठला, सुधाकरराव "स्टेडी, स्टेडी" म्हणाले. मंदाकिनीबाईंनी सहज बोलल्यासारखं सांगितलं, "अहो, जरा स्टारबोर्डला घ्या, पोर्टला कमळं आहेत." यशवंतरावांनी बोट डावीकडे घेतली, पण तो त्यांचा दोष. वाक्य बिनचूक होतं. सुधाकररावांनी आपलं हेल्मेट सरळ केलं. मंदाकिनीबाईंच्या मनात आलं, की आता काठाला लागलो की जिंकलो. मीठ पुढे वाढायचं की मागे, हे प्रतिभाला आता कोणी विचारत नाही.

कमळांच्या मधोमध इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

होडी चालत असते तोवर पाण्याला तिच्यात शिरायला फुरसत होत नाही. ती थांबली की मग येतं. यशवंतराव इंजिनाची दोरी ओढत राहिले. सुधाकरराव तलावाची हवा चांगली आहे असं म्हणाले. आणि मंदाकिनीबाईंचं लक्ष त्यांच्या बुटांकडे गेलं. काळे, आरशासारखे पॉलिश केलेले बूट, आणि त्यांच्या तळव्यांभोवती पाणी.

आता इथे बाहेरच्या माणसाला वाटेल, की पाणी आलं तर सांगावं. पण ते व्याही होते. मुलीच्या बापाच्या बोटीत बसलेले, मानाच्या जागेवर. आपण दिलेल्या मानाच्या जागेत पाणी शिरलंय, हे मुलीच्या आईने कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तिकडे सुधाकररावांनाही पाणी दिसलं होतं. बुटाच्या आत गेलेलं पाणी दिसायचं राहत नाही. पण पाहुण्याने यजमानाच्या घरातलं उणं काढायचं नसतं, ही त्यांच्याही घरची रीत होती. ते कमळांकडे बघत राहिले.

"चिवडा घ्या ना व्याही," मंदाकिनीबाईंनी डबा उघडला. "इंदूरच्या पोह्यांचा आहे."

"घेतो की." ते वाकले, तशी स्टर्न आणखी थोडी खाली गेली. "खमंग झालाय."

शोभाताईंनी साडी घोट्याच्या वर उचलली. "इथली हवा गार आहे हो," त्या म्हणाल्या. "पायांना तर फारच."

"संध्याकाळचं असतं असं," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"तलावाकाठचं सुख," सुधाकरराव म्हणाले. पाणी त्यांच्या मोज्यांपर्यंत आलं होतं.

"आणखी थोडा घ्या. लाजू नका."

"नको नको, पुरे."

"मग एक वडी तरी."

त्यांनी वडी घेतली. पाणी पोटरीला लागलं. फेंडरची पोती सुटून बोटीतच तरंगायला लागली. चौघांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. यशवंतराव म्हणाले, "प्लग ओला झालाय बहुतेक," आणि ह्या एका शब्दासरशी मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांपुढे अंगण उभं राहिलं. घंटा, निरांजन, समई, आणि त्यांच्या शेजारी उन्हात चकाकणारं बूच.

त्यांनी एकदा काठाकडे पाहिलं. सगळी टाउनशिप तिथे उभी होती. गप्प बसलं तर दोष इंजिनावर जाईल, रईसमियाँवर जाईल, यशवंतरावांवर तर आपसूकच जाईल. बोललं, तर प्रतिभाच्या ताटात जन्मभर बूच वाढलं जाईल. मग त्यांनी शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताईंना पोहता येत नव्हतं. त्या दोन्ही हातांनी हेल्मेट धरून, तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत, हवेची तारीफ करत बसल्या होत्या.

मंदाकिनीबाईंनी चिवड्याचा डबा बंद केला. पदर सारखा केला. आणि जन्मात कोणासमोर न वापरलेल्या आवाजात, शांतपणे, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत त्या म्हणाल्या, "व्याही, बिल्ज भरून पाणी वर आलंय. स्टर्नच्या भोकाचं बूच मी घासायला काढलं होतं, लावायचं राहून गेलं. चूक माझी. तुम्ही न उठता जरा बो-कडे सरका, म्हणजे स्टर्न वर येईल."

सुधाकररावांनी खाली पाहिलं. आता पाहायची परवानगी मिळाली होती.

"आई गं!" ते किंचाळले. "मागून पाणी! मागून पाणी आलं!" आणि ते ताडकन उभे राहिले.

बोट पोर्टला कलली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि चौघांना कमळांत सोडून उपडी झाली.

तलावाचं पाणी तिथे कमरेइतकं होतं. हे उद्यान विभागाला ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. एकेक करून चौघंही चिखलात उभी राहिली. तीन पिवळी हेल्मेटं कमळांमध्ये तरंगत होती, चौथं यशवंतरावांच्या डोक्यावर जागच्या जागी होतं. मंदाकिनीबाईंचा एक हात वर होता आणि त्यात चिवड्याचा डबा कोरडा होता. काठावरून आवाज आला, "माझा पाटा! अहो, माझा पाटा पहिले शोधा!"

चौघं काठाला लागली तेव्हा सक्सेनासाहेबांनी ताबडतोब चौकशी आरंभली. त्यांची टाकी बुडाली होती. "ये हुआ कैसे?"

सुधाकररावांच्या मिशीवरून शेवाळ लोंबत होतं. ते त्यांनी काढलं आणि आवाज पूर्ववत केला. "बूच नव्हतं. बोटीला बूच नव्हतं. विहीणबाईंनीच काढलं होतं, विचारा त्यांना."

सगळी टाउनशिप मंदाकिनीबाईंकडे वळली. मंदाकिनीबाई साडी पिळत उभ्या होत्या. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी बोटीत सांगून टाकलं होतं, आणि तीच गोष्ट दोनदा सांगायची त्यांना सवय नव्हती.

"बूच नव्हतं, ते खरं," मागून कोणीतरी म्हणालं.

शोभाताई होत्या. अंबाडा सुटलेला, कानाच्या मागे कमळाचं पान. इतक्या लोकांपुढे त्यांना बोलताना कोणी ऐकलं नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा.

"बूच नव्हतं. पण त्यांनी सांगितलं की! बिल्ज म्हणाल्या, स्टर्न म्हणाल्या, बो-कडे सरका म्हणाल्या. तुमच्याच भाषेत सांगितलं. बसून राहिला असतात तर ढकलत ढकलत काठाला आलो असतो. तुम्ही काय म्हणालात? 'आई गं'!" त्यांचा आवाज थरथरायला लागला, आणि तो रडण्याने नाही हे सगळ्यांना हळूहळू कळलं. "लग्न होऊन आल्यापासून मी पोर्ट आणि स्टारबोर्ड ऐकतेय. शयनगृहात पोर्ट, स्वयंपाकघरात स्टारबोर्ड. 'आई गं' आज पहिल्यांदा ऐकलं हो!" आणि त्या तिथेच, ओल्या साडीनिशी, पायऱ्यांवर बसून हसायला लागल्या. हसू थांबेना. मंदाकिनीबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर ते हसू त्यांच्याही हातातून वर चढलं.

सक्सेनासाहेबांनी आपला निर्णय दिला, की टाकी उपडी झाल्यास ती रिकामी समजण्यात येते.

संध्याकाळी पानं मांडली तेव्हा सुधाकरराव यशवंतरावांच्या पायजम्यात बसले होते. तो त्यांना नडगीपर्यंत येत होता. प्रतिभा बाळ घेऊन दारात उभी. तिला पूर्ण हकीगत शालिनीबाईंनी सांगितली होती, पाट्यासकट. मंदाकिनीबाई मीठ वाढायला आल्या. सुधाकररावांनी पानाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि बोट दाखवून म्हणाले, "इथे... इथे थोडं घाला." शब्द त्यांनी कुठलाच वापरला नाही. मंदाकिनीबाईंनी वाढलं. वर एक पुरणपोळी जास्तीची वाढली. जिंकलेल्या माणसाने हात आखडायचा नसतो, आणि हरलेल्याला तोच घास सगळ्यात जड जातो, हे त्यांना शाळेत न जाता ठाऊक होतं.

व्याही निघाले त्या दिवशी हबीबगंज स्टेशनवर सगळे पोचवायला गेले. शोभाताईंनी खिडकीतून विहिणीचा हात धरला होता आणि तो सोडायचं काही लक्षण दिसत नव्हतं. गाडीला शिट्टी झाली, तसे सुधाकरराव डब्याच्या दारात आले. घसा खाकरला.

"विहीणबाई, एकदा मुंबईला या. बंदरातून लाँचने फिरवून आणतो तुम्हाला. खऱ्या पाण्यावर. याल ना?"

गाडी हलली. मंदाकिनीबाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि गाडीबरोबर दोन पावलं चालत म्हणाल्या,

"येईन की. तुम्ही बसून राहणार असाल तर."